चौथ्या मजल्यावरचं नेट

घरात नेट कसं पोहोचवायचं हे ज्याला कळतं त्यानेच ठरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि च्यायी शहरातल्या आमच्या घरात ते कळणारा माणूस एकच. सायकलच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटर-खोलीत नऊ वर्षं काढली आहेत मी, गंमत नाही!

आमचं घर म्हणजे उभी ठेवलेली काडेपेटी. दुकानाचा तळमजला धरून एकावर एक चार मजले. नेटची लाइन येते तळाला, बाबांच्या चहापत्तीच्या दुकानात, आणि नेट हवं होतं चौथ्या मजल्यावर, देवघराशेजारच्या खोलीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला, यी-च्वानला. शनिवारी सकाळी दहाला शिंचू शहरातल्या एका कंपनीसाठी कॉम्प्युटरवरून तिची मुलाखत होती. सात महिने पोरगी नोकरी शोधत होती. मागच्या मुलाखतीत स्वतःचं नाव सांगता सांगताच तिचं नेट गेलं, आणि त्या लोकांनी परत फोनसुद्धा केला नाही.

"राउटरचं मी बघतो," मी जाहीर केलं. "तू फक्त उत्तरं पाठ कर."

अकरा दिवस अभ्यास केला मी. आठ अँटेनांचा एकच मोठा राउटर घ्यायचा, की वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवायचे राउटरचे तीन छोटे डबे घ्यायचे? तक्ते केले, घराचा नकाशा काढला, भिंतींची जाडी मोजली. कुणाला कौतुक असेल तर शपथ.

"शेजारच्या लिआओकडे आठ अँटेनांचा आहे," बाबा म्हणाले. "तोच घे. दुकानात ठेवला तर काहीतरी दिसतं तरी."

"बाबा, मध्ये सिमेंटचे तीन स्लॅब आहेत. उताण्या झुरळासारखा आठ पाय वर करून नुसता पडून राहील तो."

"झुरळाला सहा पाय असतात," बाबा म्हणाले.

आई शेंगा सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जिन्यातून एक लांब वायर सोड की. परवा बाजारातून आणून ठेवली आहे मी. दोन्ही टोकांना ते खुपसायचं बोंडही आहे."

वायर! माझ्या अकरा दिवसांच्या अभ्यासावर वायर! "आई, अजून वायरी ओढायच्या तर बैलगाडीही आणू या दारात. ती वायर मला पुन्हा दिसता कामा नये."

"बरं," आई म्हणाली आणि वायर घेऊन गच्चीवर निघून गेली.

मी तीन डबे आणले. एक दुकानात, एक दुसऱ्या मजल्यावर आणि एक चौथ्यावर, देवघराच्या दाराशी. नेट असं पळायला लागलं की यी-च्वानने मला स्वतःहून चहा करून दिला. हे मी लिआओलाही मुद्दाम जाऊन सांगितलं.

शनिवारी पावणेदहाला सहज म्हणून वर गेलो आणि डोकंच फिरलं. माझ्या डब्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं पाकीट ठेवलेलं होतं, आणि ते पिवळं होतं!

पाकीट ठेवण्याबद्दल माझी तक्रार नाही. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून तोडगा म्हणून इकडे आम्ही सगळेच मशीनवर असं पाकीट ठेवतो. आमच्या ऑफिसात तर त्या पाकिटांवरच्या तारखा तपासायचं काम माझ्याचकडे आहे. पण पाकीट हिरवं लागतं! हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे बिघाड. तारीख उलटलेली चालत नाही, आणि कामावर असलेलं पाकीट फोडून खायचं नसतं. एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळतं.

"आई, हे पिवळं कुणी ठेवलं?"

"मी. हिरवं संपलं होतं रे दुकानात. चवीला हेही चांगलं असतं."

"चवीचा काय संबंध? मशीन खाणार आहे का ते?" मी पाकीट हिसकून घेतलं.

तेवढ्यात खोलीतून यी-च्वान ओरडली, "दादा, नेट गेलं!"

"बघितलंस?" मी आईला म्हणालो. "पिवळ्याने आपला गुण दाखवला." यी-च्वान रडायच्या बेतात होती. पुढचं मी ऐकलंच नाही. तिन्ही जिने धडाधडा उतरलो. पहिल्या दुकानात पिवळी, दुसऱ्यात गुलाबी, तिसऱ्यात एकदाची हिरवी मिळाली. तारीख पाहिली आणि तसाच धावत घरी आलो. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

वर येतो तर खोलीचं दार सताड उघडं, आणि यी-च्वान पडद्यावरच्या दोन साहेबांशी हसत बोलत होती. म्हणजे माझं पाकीट जिन्यात असतानाच कामाला लागलं होतं! धापा टाकत मी ते डब्यावर नीट उभं केलं, दोन्ही हात जोडले आणि वाकलो. मान वर केली तर पडद्यावरचा एक साहेब चष्मा सावरून माझ्याकडेच बघत होता.

मग माझं डब्याकडे लक्ष गेलं. त्यावर हिरवा नाही, पिवळा नाही, कुठलाच दिवा नव्हता. प्लग खाली लोंबत होता. पाकीट हिसकताना मीच वायरीला हिसका दिला असणार.

मग नेट कुठून येत होतं? पायाला काहीतरी टोचलं. जिन्यातून वर आलेली एक करडी वायर माझ्या पायाखालून खोलीत गेली होती. तिला कपड्यांचे सात चिमटे तसेच लावलेले होते, आणि एका चिमट्यात माझा मोजा होता.

संध्याकाळी कंपनीचा फोन आला. नोकरी मिळाली. बाबांनी ठेवणीतला चहा काढला. मी घसा साफ करून यी-च्वानला विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलले का ते?"

"मागे वाकलेले ते कोण, असं विचारलं. म्हटलं, दादा."

"मग?"

"मग जरा थांबून विचारलं, घरचं नेट कोण बघतं? म्हटलं, आई." यी-च्वानने चहाचा घोट घेतला. "त्यांना हायसं वाटलेलं दिसलं."

माझ्या तोंडात पिवळ्या पाकिटातले कुरकुरे होते. ते पाकीट आता कामावर नव्हतं, तेव्हा खायला हरकत नाही. चवीला चांगलं असतं.