बेलपाड्याचा पंचनामा

आमच्या घरी कुणालाही विचारा, मी एकदा मनावर घेतलं की प्रत्यक्ष ब्रह्मदेव समजवायला आला तरी ऐकत नाही. १९९४ साली हेगहून आंतरराष्ट्रीय कायद्याचा चार महिन्यांचा कोर्स करून मी पनवेलला परतलो, तेव्हा मनावर घेतलेली गोष्ट तशी साधीच होती. जगात कायद्याचं राज्य आणायचं. सुरुवात पनवेल तालुक्यापासून.

एसटी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानावर खोली घेतली आणि पाटी लावली: अ‍ॅड. इंद्रजीत विनायक कर्णिक, आंतरराष्ट्रीय कायदा. पहिल्या महिन्यात नऊ माणसं आली. आठ जणांना दुबईचा व्हिसा हवा होता आणि नववा जिना चुकला होता. माझे वडील, अप्पा, चाळीस वर्षं पनवेलच्या कोर्टात वारसदाखले काढून देत होते. त्यांनी पाटी दोनदा वाचली. "छान आहे," म्हणाले, "खाली बारीक अक्षरात 'नोटरी' लिही. घर चालेल."

दहावा माणूस बळीराम. बेलपाड्याचा, तळोज्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. त्याची आत्या गोदूबाय, पासष्टीची विधवा, सारा जन्म मिठागरात राबलेली. शेत नव्या शहरासाठी कधीच संपादन झालं होतं. गावठाणाला लागून स्वतःच्या तुकड्यावर तिनं दोन खोल्या बांधल्या होत्या, त्या आता अनधिकृत ठरल्या होत्या. शुक्रवारी बुलडोझर येणार, असं ऑफिसातल्या शिपायानं बळीरामला चहाच्या टपरीवर सांगितलं होतं. कुठलं ऑफिस ते विचारू नका, मला अजून तिथे कामं पडतात.

"लेखी नोटीस?" मी विचारलं.

"नाय आली. आत्या म्हणते नाय आली. वकीलसाहेब, तिला दुसरा आसरा नाय हो. माझ्या खोलीत आमीच सहा जण हाव."

मी खुर्चीवरून उठलोच. नोटीस नाही, सुनावणी नाही, आणि एका म्हातारीचं घर पाडणार? माझं रक्त खरोखर तापलं. बळीरामच्या हातात वकीलपत्राचा कागद दिला, आत्याचा अंगठा घेऊन ये म्हटलं, आणि निर्धारानं कामाला लागलो.

आता ऐका माझी योजना. आमची तरुण वकिलांची एक आंतरराष्ट्रीय संघटना होती, आणि तिच्या परिषदेसाठी माझे दोन मित्र मुंबईत आले होते. हेगचा पीटर, सहा फूट चार इंच, आणि नैरोबीची ग्रेस, जी बोलायची कमी आणि बघायची जास्त. या दोघांनी बुधवारी बेलपाड्याला येऊन स्वतंत्र निरीक्षक म्हणून घराची पाहणी करायची, मी गुरुवारी त्यांचा अहवाल कोर्टात ठेवायचा. निरीक्षण निःपक्षपाती हवं, म्हणून गावात आधी कुणाला सांगायचं नाही. हे मी कोर्समध्ये शिकलो होतो.

"आत्यालाबी नाय सांगायचं?" बळीरामनं विचारलं.

"तिला तर मुळीच नाही."

अप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "इंद्रा, वकीलपत्र आलं का परत?" मी म्हटलं, येईल. अशा बारीकसारीक गोष्टींत अप्पांचं आयुष्य गेलं, याचं मला तेव्हा वाईट वाटायचं.

बुधवारी अकराला आम्ही रिक्षातून बेलपाड्यात उतरलो. पीटर टाय लावून, ग्रेसच्या हातात फाईल, मी काळ्या कोटात. बाजारातून पन्नास फुटी टेपही घेतली होती, घराची मापं अहवालात शोभून दिसतात म्हणून. पीटरनं टेपचं एक टोक गोदूबायच्या भिंतीला लावलं, दुसरं मी धरलं आणि मागे सरकत गेलो.

मला मेल्याला एवढं कळू नये? त्या गावात गेल्या वीस वर्षांत टेप घेऊन जो कोणी आला, त्याच्या मागोमाग काहीतरी गेलंच होतं. आधी शेत, मग खळं, मग वाट. मी भिंतीपासून तीस फुटांवर पोचलो तेव्हा माझी पाठ कुणावर तरी आपटली. वळून पाहिलं तर पंधरा बाया उभ्या. सगळ्यांत पुढे भामा नावाची, कमरेला पदर खोचलेली.

"मोजून झालं का रं?"

"अहो, मी तुमच्याच बाजूचा आहे. मी वकील आहे!"

"गेल्या टायमाला आलेला तोबी आमच्याच बाजूचा होता."

पुढच्या पाच मिनिटांत आम्ही तिघं गावच्या समाजमंदिरात होतो आणि दाराला बाहेरून कडी होती. अंगाला कुणी बोट लावलं नाही, पाणी दिलं, बसायला सतरंजी दिली. पीटरनं मला विचारलं, या देशात अटकेची कारणं सांगावी लागतात ना? मी म्हटलं, लागतात. म्हणाला, मग विचार ना.

मी खिडकीपाशी गेलो. बाहेर ओट्यावर गोदूबाय बसली होती. लहानशी, सुरकुतलेली, पण नजर अशी की आमच्या दिवाणी न्यायाधीशांनी शिकवणी लावावी. शेजारी तिची नात मनिषा, दहावी पास, वही-पेन घेऊन.

"गोदूबाय, मी तुमचा वकील. बळीरामनं मला नेमलंय."

"घर बळीरामचं हाय का माझं?"

"तुमचं."

"मंग वकीलपत्र दाखव. माझा अंगठा हाय त्याच्यावर?"

नव्हता. आत्याला काही सांगायचं नाही म्हटल्यावर बळीरामनं तो घेतलाच नव्हता; वकीलपत्र त्याच्या शर्टाच्या खिशात होतं, शर्ट बळीरामच्या अंगावर आणि बळीराम तळोज्यात.

"लिव गो मनिषा," गोदूबाय म्हणाली. "सोताला वकील म्हणवणारा एक इसम."

खरंच पंचनामा चालला होता! रीतसर पाच पंच, तारीख, वेळ, चतुःसीमा, जप्त वस्तू टेप एक. इतक्या वर्षांत या गावाच्या इतक्या गोष्टींचे पंचनामे झाले होते की पद्धत बायांना तोंडपाठ होती. मी पंचनामा पुस्तकात वाचला होता, करताना कधी पाहिला नव्हता. मी इंग्रजीत अर्थ सांगितल्यावर ग्रेस खिडकीशी उभी राहून म्हणाली, या बाईंना आपल्या परिषदेत बोलवायला हवं होतं.

तेवढ्यात जीपचा आवाज आला. अतिक्रमण पथकाचे गुळवे साहेब शुक्रवारच्या पाडापाडीसाठी घरांवर खडूनं खुणा करायला आले होते. तेही आत आले. म्हणजे आणले गेले. आम्हाला पाहून त्यांनी मला हळूच विचारलं, "आपण कुठल्या खात्याचे?"

"कायद्याच्या राज्याचे," मी ताठ मानेनं म्हणालो.

"मंत्रालयात आहे का ते?"

मी उत्तर देणार, तर दार उघडलं. गोदूबायनं आम्हा सगळ्यांना बाहेर पिंपळाखाली बसवलं, चहा दिला. मी तिला समजावलं, आधी साहेबांचा जबाब घ्या, मग सोडा. तिनं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी बशीत बघायला लागलो.

"कोंडून घेतलेली सही कोर्टात चालत नाय," ती म्हणाली. "साहेब, तुमची जीप ती उभी हाय. जायचं तर जावा. पन मना सांगा, मना नोटीस दिली?"

गुळव्यांनी घाम पुसला. "नोटीस ऑफिसात तयार आहे, बाई."

"मना दिली?"

"तशी... हातात दिली नाही."

"लिव गो. आता हितं सही करा."

"मी कशाला सही करू?"

"नका करू. मनिषा, लिव, वाचून दाखवूनबी सही करन्यास नकार दिला. खाली पाच पंचांचे अंगठे घे."

गुळवे साहेबांचा चेहरा उतरला. हे वाक्य त्यांनी स्वतः बेलपाड्यात निदान शंभर पंचनाम्यांत लिहिलं असणार, आणि असा नकार कोर्टात सहीइतकाच चालतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. "लिहिलंय ते खरंच आहे म्हणा," असं पुटपुटत त्यांनी सही केली, चहा संपवला आणि खुणा न करताच निघून गेले.

तीनच्या सुमारास पाळी संपवून बळीराम आला आणि माझी ओळख पटली. सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गोदूबाय हसली नाही. तिनं वकीलपत्रावर अंगठा उठवला, पंचनामा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आता तू माझा वकील. पोरा, या घराभाईर मना काय नाय. नीट बोल."

तिचा आवाज तेवढा एकदाच हलला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

गुरुवारी कोर्टात मी नीटच बोललो. चार आंतरराष्ट्रीय करार, दोन जाहीरनामे, पीटर-ग्रेसचा अहवाल. विसाव्या मिनिटाला न्यायाधीशांनी हात वर केला. "वकीलसाहेब, जगाचं नंतर बघू. नोटीस बजावली होती का?"

मी मुकाट्यानं पंचनामा पुढे केला. त्यांनी तो शांतपणे वाचला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"यात 'स्वतःला वकील म्हणवणारा एक इसम' असा उल्लेख आहे. तो कोण?"

"मीच, साहेब."

मागच्या बाकावर बसलेल्या अप्पांना खोकल्याची उबळ आली.

न्यायाधीशांनी दहा मिनिटांत मनाई हुकूम दिला. रीतसर नोटीस आणि सुनावणी झाल्याखेरीज घराला हात लावायचा नाही. गोदूबायला अर्थ सांगितला तेव्हा ती कोर्टाच्या पायरीवर मटकन बसली आणि लहान मुलासारखी रडली. खोटं कशाला बोलू, मीही रडलो. ग्रेसनं रुमाल दिला, तो पीटरनं आधी वापरला.

त्या दिवसापासून माझं ऑफिस गजबजलं. रोडपालीपासून उरणपर्यंतची माणसं सकाळी आठलाच जिन्यावर रांग लावून बसायला लागली. सगळ्यांच्या हातात कागद, सगळ्यांच्या घरांवर खुणा. मी आदरानं आत बोलवायचो, खुर्ची द्यायचो, पंखा लावायचो. मग पुढे वाकून, अगदी विश्वासानं, प्रत्येक जण एकच गोष्ट विचारायचा.

"साहेब, ती गोदूबाय कुठं राहते?"

आता तिच्या घराचा नकाशाच काढून खालच्या दुकानात झेरॉक्स करून ठेवलाय.