कारभारीनानांची प्रतवारी

कारभारीनानांनी मला पहिल्याच दिवशी दोन नंबरात टाकलं.

सावेडीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये ते नवरा-बायको समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा शेजारधर्म म्हणून मी चहाला बोलावलं. नानांनी चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, "बाई, माल चांगला हाय. पन उन्हात जरा जास्त राहिलाय. दोन नंबर." एकतीस वर्षं शाळेत मी पोरांना मार्क दिले. मला मार्क देणारा हा पहिलाच भेटला. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

पण त्यांचाही इलाज नव्हता. उभं आयुष्य राहात्याला डाळिंबाच्या शेडमध्ये गेलेलं. शेतकऱ्यानं क्रेट रिकामं केलं की नाना एकेक फळ हातात घेऊन प्रत लावायचे. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर आणि डागी. फळ कापायचं नाही. हातावर वजन घ्यायचं, टिचकी मारायची, देठाकडं बघायचं, झालं. वरून लालबुंद आणि आतून काळं पडलेलं डाळिंब ते अचूक बाजूला काढायचे. शेतकरी भांडायला उठला की त्याच्यासमोर फोडून दाखवायचे.

मुलानं इथं फ्लॅट घेऊन दिला, तो स्वतः नोकरीला बंगळूरला गेला, आणि नानांच्या हातातली डाळिंबं सुटली. मग जे समोर येईल त्याची प्रतवारी सुरू झाली. लिफ्ट तीन नंबर. वॉचमन एक नंबर. सोसायटीचे चेअरमन डागी, "पन त्याला सांगू नका." नाताळला हौसेनं आमच्या चर्चमध्ये आले, तासभर हात जोडून बसले, आणि बाहेर पडताना पाळकसाहेबांना म्हणाले, "आवाज एक नंबर. प्रवचन तेवढं जरा लांबट भरलं." मला तोंड लपवायला जागा सापडेना. पाळकसाहेब मात्र हसले, आणि पुढच्या रविवारचं प्रवचन खरंच दहा मिनिटं लवकर आटपलं.

मंजुळाताई, म्हणजे नानांची बायको, अगदी उलट. कमी बोलणार. नवऱ्याचं असं काही चाललं की पदराआड हसायच्या आणि "असू द्या ओ बाई" म्हणायच्या. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या लघवीतून रक्त जायला लागलं. सोनोग्राफीत उजव्या किडनीवर गाठ दिसली. इंग्रजी रिपोर्ट वाचून सांगायचं काम आमच्या मजल्यावर माझ्याकडे असतं, त्यामुळे 'कॅन्सरची शक्यता' हे शब्द त्या दोघांना मीच सांगितले. देवा, ते काम पुन्हा माझ्यावर येऊ नये.

सर्जननी आधी सीटी स्कॅन करून यायला सांगितलं. मी सोबत गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ताईंच्या रक्ताचा रिपोर्ट तपासला आणि नानांना समजावलं, "काका, शिरेतून औषध सोडून फोटो काढायचे. गाठ ते औषध किती पिते, किती वेळात सोडते, कडा स्वच्छ आहेत की पसरल्यात, यावरून गाठ शांत आहे की आडदांड, याचा ऑपरेशनआधीच अंदाज येतो."

नाना खुर्चीतून अर्धे उठले. "म्हंजे न कापता?"

"न कापता. पण अंदाजच हं. खात्री गाठ काढून तपासल्यावरच."

"अवो, मग ह्यो तर आमचाच धंदा!" आणि बायकोची गाठ मशीनमध्ये असताना हे गृहस्थ बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटना डॉक्टरीणबाई एक नंबर असल्याचं सांगत होते. मला राग आला. माणसाला काही काळजी आहे की नाही?

रिपोर्ट मधलाच आला. गाठ औषध फार पीत नव्हती, कडाही बऱ्या होत्या, पण एका ठिकाणी शंका होती. ताईंना बाहेर बाकावर बसवून सर्जन आम्हाला म्हणाले, "गाठ किडनीच्या मधोमध आहे. शांत असेल तर तेवढीच काढून किडनी वाचवता येईल. आडदांड असेल तर अख्खी किडनी काढावी लागेल. आणि ताईंची दुसरी किडनी शुगरनं आधीच दमलीय, तिच्या एकटीच्या भरवशावर डायलिसिसची पाळी येऊ शकते. याआधी कधी पोटाचा स्कॅन झालाय? जुना फोटो असता तर गाठ किती जोरानं वाढतेय ते कळलं असतं."

"न्हाई," नाना म्हणाले. इतक्या चटकन, की सर्जननी मान वर करून बघितलं. मग अख्खी किडनी काढायचं ठरलं.

ताईंना लिफ्टनं पाठवून घरचा जिना चढताना मी सहज म्हटलं, "जुना स्कॅन असता तर बरं झालं असतं."

"असता तरी दिला नसता," नाना म्हणाले. "शेडमधला नियम हाय. दोघं प्रत लावनारे असले, तर पहिल्याची प्रत दुसऱ्याला सांगायची न्हाई. सांगितली की दुसऱ्याचा डोळा मरतो."

मी पायरीवर थांबले. "नाना, म्हणजे आहे तुमच्याकडे?"

ते घरात गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ताई झोपलेल्या असताना, नाना कापडी पिशवी घेऊन माझ्याकडे आले. पिशवीत स्कॅनची फिल्म आणि रिपोर्ट. दोन वर्षांपूर्वीचा, राहात्यात असताना ताईंना मुतखडा झाला होता तेव्हाचा. खडा पडून गेला. पण रिपोर्टच्या शेवटी उजव्या किडनीवरच्या छोट्या गाठीचा उल्लेख होता. पुढची तपासणी करा, असं स्पष्ट लिहिलं होतं.

"दोन वर्षं, नाना?" मी ओरडलेच. "दोन वर्षं हे दाबून ठेवलंत?"

"तिथल्या मानसानं सांगितलं हुतं मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हनून. मी फिल्म उन्हात धरून बघितली. गोल हुती, कडा साफ हुत्या. म्हटलं, काय न्हाई, चांगलंय." त्यांनी फिल्म पुन्हा पिशवीत सारली. "मीच प्रत लावली, बाई. आता दाखवलं तर ती म्हनंल, ह्यानंच मला मारलं."

मला त्या क्षणी त्यांना दोन शब्द सुनावायचे होते. एवढंच म्हटलं, "हे दाखवलं नाही तर किडनी जाईल. उठा."

"तिच्यासमोर नको."

"तिची किडनी आहे, नाना. तिच्यासमोरच."

संध्याकाळी आम्ही तिघं सर्जनसमोर. त्यांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी उजेडावर लावली, मोजपट्टी धरली, डॉक्टरीणबाईंना फोन केला, पुन्हा मोजलं. मग खुर्चीत मागं टेकले. "दोन वर्षांत जेमतेम हललीय. शांत गाठ दिसतेय. खात्री नंतरच होईल, पण तेवढीच गाठ काढू. किडनी ठेवू." मी मनात प्रभूचे आभार मानले. मग त्यांनी विचारलं, "पण हे इतके दिवस होतं कुठं?"

नाना उभे राहिले. वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखे उभे राहिले आणि ताईंकडं न बघता सगळं सांगून टाकलं. कपाटात, साड्यांच्या खाली लपवलेलं तेसुद्धा.

"साड्या कुनाच्या?" मंजुळाताई म्हणाल्या.

नानांनी मान वर केली.

"दर चार दिवसांनी मी ते कपाट लावते. मला पहिल्या महिन्यातच घावलं हुतं. भाचीकडनं वाचून बी घेतलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"भ्या वाटत हुतं मला." ताईंनी पदर सारखा केला. "आन् तुमी काय न्हाई म्हनला हुता. मला तेच ऐकायचं हुतं."

नाना मटकन खाली बसले आणि रडायला लागले, आवाज करून, बाहेरच्या बाकावरच्या पेशंटना ऐकू जाईल असे. ताईंनी त्यांचा हात धरला. सर्जननी पाण्याचा ग्लास पुढं केला. त्या दोघांचं ग्लासाकडं लक्षच नव्हतं. शेवटी मीच तो प्यायले.