मोटारीच्या तोंडाचा वास

“केशर, तुझ्या मामाला विचार, ही मोटार आज उठणार हाय का न्हाई.”

मामा केशरच्या आबांपासून, माणिकरावांपासून, हातभर अंतरावर उभा होता. तरीही प्रश्न केशरमार्फत गेला आणि उत्तर केशरमार्फतच परत आलं.

“दाजीला सांग, थंडीत स्पिरिट लवकर जागं होत न्हाई. जरा ऊन खाऊ द्या तिला.”

गेल्या दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. महायुद्धामुळं पेट्रोल परमिटावर, तेही नावाला. म्हणून आश्रुबामामाची झरी-पिंगळी सर्विस मोटार मोहाच्या फुलांच्या स्पिरिटवर धावू लागली. मोटारीची तहान भागली, पण मामाच्या कपड्यांना, हातांना आणि सगळ्यात वाईट म्हणजे तोंडाला दारूचा वास येऊ लागला. माणिकराव पक्के माळकरी. त्यांनी मेव्हण्याला उंबऱ्याबाहेरच अडवलं. “मोटारीचा वास हाय, दाजी,” असं मामा परोपरीनं सांगत होता. “सगळे पिणारे असंच सांगतेत,” म्हणून माणिकरावांनी दार लावलं. त्या भाऊबीजेला केशरच्या मायनं, पार्वतीबाईनं, सख्खा भाऊ गावात असताना भाऊ नसलेल्या बायकांसारखं चंद्राला ओवाळलं. ताट घेऊन अंगणात उभी राहिलेली माय काही केल्या केशरच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

आज पुन्हा भाऊबीज होती. माणिकरावांना पिंगळीला बहिणीकडं, कडूबाईकडं जायचं होतं, आणि नेमका कालच बैलाचा पाय मुरगळला. तिकडं कडूबाई भावाला ओवाळल्याबिगर पाणीसुद्धा पीत नसे. आता मामाच्या मोटारीशिवाय गत्यंतर नव्हतं. एवढ्या वाटेत आबांचं मन वळवायचंच, असं केशरनं ठरवून टाकलं. कसं, ते तिला माहीत नव्हतं. पण ठरवून टाकलं होतं!

मामानं इंजिनावर गरम पाण्यात पिळलेली फडकी टाकली. जपून ठेवलेलं घोटभर पेट्रोल पाजलं. हँडल मारून मारून त्याचा सदरा घामानं भिजला, तेव्हा कुठं मोटार खोकली आणि जागी झाली. आत सगळ्या माहेराला निघालेल्या बायका. त्यांनी एकच गलका केला.

“पर आता मोटार बरी बाबा,” मागून नर्मदाबाई म्हणाल्या. “पेट्रोल प्यायची तवा धुरानं लुगडं काळं व्हायचं.”

“बरीच हाय, मावशी,” मामा खुलला. “धूर न्हाई, काजळी न्हाई, चढावर बी इंजिन तापत न्हाई. फकस्त पिते लय. रबराच्या नळ्या खाती, सांडलं तर रंग बी खाती.”

“केशर, सांग त्याला,” माणिकराव समोर बघत म्हणाले, “पिणाऱ्याचं असंच असतंय. आधी पितंय, मग घर खातंय.”

हे काही केशरनं सांगितलं नाही. तिनं नुसतं मामाकडं बघून तोंड वाकडं केलं, आणि मामा गालात हसला.

परभणी मागं पडली आणि भर उन्हात मोटार आचके देत थांबली. मामानं झाकण उघडलं, टाकीची नळी सोडली, फुंकून बघितली. पेट्रोलच्या काळात टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं जमलेला गाळ स्पिरिटनं सोडवला होता, आणि तो सगळा नळीत येऊन बसला होता.

“आता टाकी धुतल्याबिगर काम होत न्हाई. तवर डब्यातलं स्पिरिट रबरी नळीनं सरळ इंजिनात सोडतो. रोज टाकीत भरताना बी किलीनर डबा वर धरतो अन् मी खालून नळी तोंडानं वढतो. पर तो गेला सणाला.” मामानं दाजीकडं बघितलं. “कुणी डबा धरला असता तर…”

“मी त्या डब्याला हात लावणार न्हाई,” माणिकराव म्हणाले. या वेळी केशरला मध्ये घ्यायचंही ते विसरले.

उन्हं चढत होती. मागं लेकरं रडायला लागली. कडूबाई उपाशी होती. शेवटी मामाच डबा घेऊन टपावर चढला आणि त्यानं नळीचं टोक खाली सोडलं. केशरनं ते झटकन पकडलं.

“मामा, मी वढू का?”

“ए पोरी!” माणिकराव ओरडले. “टाक ते! दे इकडं!”

लेकीच्या हातातली नळी हिसकून माणिकरावांनी तोंडात घातली आणि जिवाच्या आकांतानं ओढली. विचार त्यांनी नंतर केला. एका हातानं गळ्यातली माळ पाठीमागं सारली होती, जणू तिला हे दिसू नये. पुढच्याच क्षणी त्यांचे गाल फुगले, डोळे पांढरे झाले आणि तोंडातून फवारा उडाला. अर्धा रस्त्यावर, अर्धा मिशीवर.

“थुका दाजी, सगळं थुका!” मामानं वरून उडी मारली. “गिळायचं न्हाई, इख असतंय त्यात!” त्यानं घागरभर पाण्यानं त्यांच्या चुळा भरवल्या.

टपावर बायकांची बोचकी होती, त्यामुळं डबा तिथं बसेना. “आण इकडं,” माणिकराव हताशपणे म्हणाले, “आता काय राह्यलंय?” पिंगळीपर्यंत ते डबा खांद्यावर धरून बसले. रस्त्यात जेवढे खड्डे, तेवढे घोट त्यांच्या नव्या धोतरावर आणि फेट्यावर.

पिंगळीत कडूबाई ताट घेऊन दारातच उभी होती. निरांजनाची ज्योत भावाकडं झुकली आणि केशर किंचाळली, “आत्या, दिवा लांब धर! आबा पेटतील!”

कडूबाई दचकून मागं सरली. तिचे यजमान व्यंकटराव पुढं आले, नाक वर करून त्यांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. माणिकरावांनीच त्यांना माळ घालायला लावली होती.

“माणिकराव, तुमी? सणाच्या दिवशी?”

“मोटारीचा वास हाय, दाजी!”

“तोंडाला?”

“खरंच मोटारीचा हाय वो,” मामा साक्ष द्यायला धावला. पण त्याचा वासही बरोबर धावला. व्यंकटराव दोन पावलं मागं झाले.

“वा! जोडीनं बसला व्हता वाटतं! मोटार पिते, अन् वास मान्साला येतो व्हय? मला काय येडं समजता?”

माणिकरावांनी फेट्याच्या शेवानं मिशी पुसली, पण फेट्यालाही तोच वास. माळकरी माणूस, गावाला शिकवणारा, आणि आज त्यांचंच कुणी खरं मानेना. केशरला इतकं वाईट वाटलं, की मन वळवायचं तिच्या डोक्यातूनच गेलं. ती आबांचा हात धरून उभी राहिली. “आतोबा, मी बघितलंय. आबांनी मला नळी वढू दिली न्हाई. म्हून…”

“हे बघा,” कडूबाई मध्येच म्हणाली. तिनं निरांजन खाली ठेवलं होतं. “दादा पिला असंल तर उद्या बोलू, आन् नसंल पिला तर उद्या बी बोलायची गरज न्हाई. आज भाऊ माझ्या दारात हाय.” आणि दिव्याशिवाय, नुसत्या सुपारीनं आणि अंगठीनं, तिनं भावाला अंगणातच ओवाळलं.

टाकी धुऊन निघायला दुपार कलली. परतीच्या वाटेवर माणिकरावांनी मान वळवून सरळ मेव्हण्याकडं बघितलं.

“आश्रुबा, रोज तोंड लावावं लागतं का रे त्या नळीला?”

“जवळजवळ रोजच, दाजी.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“सांगितलं की.”

झरी आली तेव्हा माणिकरावांनी मेव्हण्याला हाताला धरून खाली उतरवलं आणि दारातूनच हाक मारली, “आगं, भाऊ आलाय तुझा!”

पार्वतीबाई धावत आली. भावाला बघून तिनं त्याचा हात धरला. मग तिनं नवऱ्याचा वास घेतला, आणि पदरात हसू लपवलं.

“तू ये रं आत. तुमी थांबा वो भाईर.”

“आगं, पर ह्यालाबी तोच वास हाय!”

“त्याचं ते कामच हाय. तुमचं काय काम हाय?”

मामा पायरीवरच बसायला लागला, “दाजीला सोडून मी कसा येऊ?” म्हणून. माणिकरावांनी त्याला आत ढकललं आणि स्वतः बाहेर बसले. थोड्या वेळानं केशर पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“काय करायलेत आत?”

“माय रडायली, आबा. मामाबी रडायलाय.”

“आन् मी?”

“तुमी वाळायलात,” केशर म्हणाली. “वाळलात की घेऊ आत.”