लाडवात लोखंड

राहीबाईंनी सकाळीच गॅलरीतून खाली वाकून गंगाराम भंगारवाल्याला सांगून टाकलं, "उद्या या. गाडी रिकामी घेऊन या. समदं देऊन टाकायचं हाय!" आवाज असा लावला, की गंगारामापर्यंत तर जावाच, पण आतल्या खोलीत मांडी घालून बसलेल्या कृष्णातरावांच्याही कानात शिरावा.

शिरला होता. पण त्यांच्यासमोर एक जुना कॉम्प्युटर पोट उघडून पडला होता आणि ते त्याच्या आतड्यात बोट घालून काहीतरी शोधत होते. बाजूला आणखी दोन डबडी होती. डबडी हा राहीबाईंचा शब्द. तुर्भ्याच्या बाजारात वजनकाटे दुरुस्त करून हा माणूस रिटायर झाला, राहीबाईंना वाटलं आता घरात बसून आराम करील, तर लोकांनी जिन्यात टाकलेले कॉम्प्युटर उचलून आणायचा नाद लागला. उघडलेला कॉम्प्युटर मात्र बाहेरचा नव्हता. धनाजी कॉलेजात असताना हौसेनं घेतलेला होता. धनाजी आता पुण्यात संसाराला लागला, कॉम्प्युटर माळ्यावर राहिला.

नेरूळला थंडी पडते ती नावापुरतीच. पहाटे खाडीवरून वारा सुटतो, माणसं कपाटातले स्वेटर काढतात आणि दुपारी घाम पुसत परत ठेवतात. त्या दिवशी मात्र ऊन कसं मऊ होतं. बिल्डिंग शांत होती. राहीबाई सोडून.

"आज संध्याकाळी हळदीकुंकू हाय माझ्या घरात. बायका येणार. त्यांनी ह्या वायरींत पाय अडकून पडायचं का?"

"दार लावून घेतो."

"दार लावल्यावर आतलं भंगार सोनं व्हतं व्हय?"

कृष्णातरावांनी कानाला हेडफोन लावला होता. त्यांनी एक हात वर केला आणि म्हणाले, "राही, जरा गप बस. ऐकू दे."

एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस असं कधी बोलला नव्हता. राहीबाईंच्या पायाखालची फरशी हलली. त्या दारातच उभ्या राहिल्या. कृष्णातराव डोळे मिटून ऐकत होते, मग हसले, मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. डबड्यातली धूळ गेली असणार डोळ्यांत, जाऊ दे, असं म्हणून राहीबाई फणकाऱ्यानं स्वयंपाकघरात गेल्या. दुपारभर त्यांनी भांडी जरा जास्तच जोरात ठेवली.

हळदीकुंकवाचं सगळं कालच तयार झालं होतं. वाण म्हणून स्टीलचे छोटे डबे आणले होते. प्रत्येक डब्यावर दुकानदाराकडून 'सौ. राहीबाई' असं नाव कोरून घेतलं होतं. बाया मेल्या मिळालेलं वाण गुपचूप दुसरीला खपवतात, हे राहीबाईंना माहीत होतं. नाव कोरल्यावर खपवा म्हणावं. प्रत्येक डब्यात तिळगुळाचे दोन लाडू घालून झाकणं दाबून लावली होती. हे लाडू म्हणजे राहीबाईंचा अभिमान. सोसायटीत त्यांच्याशी कुणाचं पटो न पटो, लाडवाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती.

संध्याकाळी नवी साडी नेसून बाहेर आल्या तेव्हा डबे टेबलावर ओळीनं उभे होते. फक्त एक डबा टीव्हीपाशी एकटाच. ओळीतून फुटलेली वस्तू राहीबाईंना बघवत नसे. उचलला, आणि ठेवला ओळीत.

बायका आल्या. शेजारची अक्षता आली, खालच्या आल्या, वरच्या आल्या. सातव्या मजल्यावरच्या स्मिताही आल्या. ह्या स्मितांनी गेल्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून तक्रार केली होती, की राहीबाईंचा आवाज बाथरूमच्या डक्टमधून वर येतो आणि मुलीचा अभ्यास होत नाही. तेव्हापासून दोघी लिफ्टमध्ये एकमेकींकडे पाठ करून आकडे बघत. पण हळदीकुंकवाला सवाष्ण टाळायची नसते. राहीबाईंनी स्मितांच्या कपाळाला कुंकू लावलं, तेही भिंतीला खिळा ठोकावा तसं. डबा हातात दिला. "घ्या. गोड बोला, सावकाश बोला."

"थँक यू हं काकू," स्मिता म्हणाल्या आणि गेल्या.

शेवटची बाई लिफ्टमध्ये शिरली तेव्हा कृष्णातराव बाहेर आले. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून. टीव्हीपाशी गेले. टीव्हीच्या मागं बघितलं. टीव्हीखाली बघितलं.

"हितला डबा कुठाय?"

"वळीत लावला. पडला व्हता एकटाच बेवारशी."

"आन वळीतले कुठायत?"

"वाटले. वाण कशाला असतंय, बघत बसाया?"

कृष्णातराव हळूच सोफ्यावर बसले. "राही, त्यात तुजी आई व्हती."

"आवं, काय बरळताय? गोळी घेतली का न्हाय सकाळी?"

मग त्यांनी सांगितलं. राहीबाईंची आई नेरूळला एकदाच राहून गेली होती. तेव्हा धनाजीनं नव्या कॉम्प्युटरला माइक लावला होता आणि कृष्णातरावांनी सासूबाईंचा आवाज त्यात भरून ठेवला होता. पुढं म्हातारी गेली. तिचा एक फोटो राहिला, तोही कुणाच्या तरी लग्नातला, अर्धा चेहरा पदराआड. आवाज कुठंच नाही. ह्या हिवाळ्यात कृष्णातरावांनी ध्यास घेतला, की कॉम्प्युटर मरायच्या आत तो आवाज काढायचाच. आज डिस्क एकदाच फिरली. तेवढ्यात आवाज एका पेनड्राइव्हमध्ये उतरवून घेतला, आणि डिस्क टकटक करून गेली ती गेलीच.

"तुला संक्रांतीचं द्यावं म्हनलं. म्हनून रुमालाच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात ठेवला. एक लाडू काढला त्यातला."

"काढून कुठं ठेवला?"

कृष्णातरावांनी मान खाली घातली. त्यांना साखरेचा आजार होता. एरवी ह्या एका लाडवावर आठवडाभर बोलणी बसली असती. पण राहीबाईंना लाडू ऐकूच गेला नव्हता. आई गेली तेव्हा त्या गावाला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिचा आवाज आठवायला बसलं की त्यांना स्वतःचाच आवाज आठवायचा. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्या माणसाला कसं कळलं?

"चला," त्या उठल्या. मग थांबल्या. दिलेलं वाण परत मागायचं? कुठल्या तोंडानं? सबंध नेरूळ नाव ठेवील.

शेवटी त्या एकट्याच अक्षताच्या दारात गेल्या. "अक्षता, जरा डबा बघू गं. काही न्हाय, आपलं असंच."

"का ओ काकू? काय झालं?"

"एका डब्यात चुकून... बारीकसं कायतरी गेलंय. तुजा उघडून बघ."

अक्षतानं डबा उघडला. दोन लाडू. "बारीकसं म्हणजे काय? लोखंडी का?"

"लोखंडीच म्हन की," राहीबाई घाईनं म्हणाल्या आणि पुढच्या दाराकडे वळल्या.

अक्षता मनानं चांगली मुलगी. तिनं सगळ्यांच्या भल्यासाठी लगेच महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, 'राहीबाई काकूंच्या लाडवात लोखंड आहे. कोणी खाऊ नका. मुलांना देऊ नका.' राहीबाई दुसऱ्या दारापर्यंत पोचायच्या आत दार आपोआप उघडलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी "थुंक, थुंक आधी!" असं ओरडलं. लिफ्ट खाली-वर पळायला लागली.

बघता बघता राहीबाईंच्या दारात बायकांची रांग लागली. प्रत्येकीच्या हातात डबा. एकीनं फ्रिजवरचं लोहचुंबक काढून लाडवांवरून फिरवलं होतं, ती म्हणाली, "काकू, माझे दोन्ही क्लीअर आहेत, पण टेन्शन नको म्हणून परत आणले." एकीनं लाडू बत्त्यानं फोडून ताटलीत आणले होते. एकीचे सासरे लाडू न चावता गिळून बसले होते आणि एक्स-रे काढा म्हणून हट्ट करत होते.

"काकू, खलबत्त्याचा तुकडा गेला असेल का?"

"दुकानातले आणले होते का तुम्ही लाडू? खरं सांगा."

दुकानातले! राहीबाईंच्या ओठांवर काय काय आलं. पण त्या एकेक डबा उघडून, लाडू बोटानं बाजूला सारून, आत बघत राहिल्या. ज्या लाडवांना कुणी नाव ठेवू शकत नव्हतं, त्यांचा चपलांच्या कपाटावर ढीग झाला. "चुकलं बाई माझंच," असं त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य निघताना बघायला दोन बायका मागं थांबल्या.

सगळे डबे आले. पेनड्राइव्ह नाही. सातवा मजला तेवढा आला नव्हता.

"मी जातो," कृष्णातराव म्हणाले.

"गप बसा. दोघं जाऊ."

लिफ्टमध्ये राहीबाई पदर बोटाला गुंडाळत आणि सोडत होत्या. दार स्मितांनीच उघडलं. राहीबाई काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "काकू, मी तुम्हाला फोनच करणार होते! काय मॉडर्न वाण दिलंत हो! एक लाडू आणि एक पेनड्राइव्ह! बाकी सगळ्या आपल्या चमचे आणि गाळण्या वाटतात. मी म्हटलं बघा, काकूंनी चाटच पाडलं."

"त्यात काय व्हतं?" राहीबाईंचा आवाज बसला होता. "पुसलं का तुमी?"

"पुसणारच होते. मुलीच्या डान्सचे व्हिडिओ टाकायचे होते ना. पण त्यात एक फाइल सापडली. लावली, तर कुणीतरी बाई नुसती ओरडतेय." स्मिता जरा चाचरल्या. "आवाज ओळखीचा वाटला. म्हटलं, विचारल्याशिवाय नको."

कृष्णातराव एकदम जिन्याच्या खिडकीबाहेर बघायला लागले.

"लावा," राहीबाई म्हणाल्या.

"इथे? आत्ता?"

"लावा म्हनते ना."

स्मितांनी लॅपटॉप उघडला. आधी खरखर. मग तेव्हाचे कृष्णातराव, "बोला मामी. ह्यात बोला. कायबी बोला."

मग एक पातळ, थकलेला, हसरा आवाज. "काय बोलू वो पावणं? मला मेलीला काय येतंय..."

राहीबाईंनी दाराची चौकट धरली.

आणि मग तिसरा आवाज आला. डक्टमधून सातव्या मजल्यावर जाणारा. "आवं, बंद करा ते डबडं! तिला दोन घास खाऊ द्या आदी! आल्यापास्नं बसवलंय तिला त्या खोक्याम्होरं! आन आई, तू काय गं, ऊठ की! भाकरी गार व्हतीया! लाइटचं बिल कोन भरनार हाय, ह्यांचा बा?"

"मी म्हंते, राही..." पातळ आवाज म्हणाला.

"तू नगं म्हनूस काय! ऊठ!"

"अगं गप की बये!" दारातल्या राहीबाई लॅपटॉपवर कडाडल्या. स्मिता दचकून मागं सरल्या. "तिला बोलू दे की! किती बोलशील! तोंड हाय का काय हाय!"

पण लॅपटॉपमधल्या राहीबाई कुणाच्या बापाला ऐकणाऱ्या नव्हत्या. भाकरीवरून कालवणावर गेल्या, कालवणावरून धनाजीच्या मार्कांवर आल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दारातल्या राहीबाईंना बोलू देत नव्हतं, आणि ती बाई त्याच होत्या.

मग मधेच, श्वास घ्यायला म्हणून, आतली राही थांबली. तेवढ्या फटीतून कृष्णातराव म्हणाले, "मामी, तुमी बोला वो. ती बोलतच ऱ्हानार."

"ऱ्हाऊ द्या पावणं," म्हातारीचा आवाज आला. अगदी जवळून, माइकला तोंड लावल्यासारखा. "तिलाच बोलू द्या. ही नांदाया गेली आन माझं घर मुकं झालं बगा. मी तिलाच ऐकाया आलीया."

टक. बंद.

स्मिता हळूच म्हणाल्या, "काकू, पुन्हा लावू?"

राहीबाईंनी नुसती मान हलवली. पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. स्मितांनी पाणी आणून दिलं, तेही त्या काही न बोलता प्यायल्या.

घरी आल्यावर त्यांनी चपलांच्या कपाटावरचे लाडू परातीत भरले, तेही मुकाट्यानं. कृष्णातरावांना घर खायला उठलं. "राही, बोल की कायतरी," ते दोनदा म्हणाले. "लाडू खाल्ला म्हनून तरी बोल." राहीबाई कुशीवर वळून झोपल्या.

सकाळी खालून हाळी आली, "भंगारवालेऽ! मावशे, गाडी रिकामी आणलीया!"

राहीबाई गॅलरीत गेल्या. कृष्णातराव आतल्या खोलीत वायरी गोळा करत होते, कॉम्प्युटर दाराशी आणून ठेवायला. राहीबाईंचं ऐकायच्या सवयीनं.

"न्हाय काय भंगार आमच्याकडं!" राहीबाई गरजल्या. अख्ख्या बिल्डिंगला कळलं, की त्या बऱ्या झाल्या. "फुडं जा! आन लाडू हायत, ते घिऊन जा. लोखंड-बिखंड काय न्हाय त्यात!"

मग त्या आत आल्या. पदर खोचला, कृष्णातरावांच्या शेजारी मांडी घालून बसल्या, आणि न उघडलेल्या डबड्यावर बोटानं हळूच टकटक केलं.

"आवं," त्या कुजबुजल्या, "ह्यात कोन हाय?"