नोव्हायची पटपडताळणी

मोरेश्वर सरांचं म्हणणं असं, की समोर कोण बसलंय याच्याशी व्याकरणाला काही देणंघेणं नसतं. चाळीसगावच्या हायस्कुलात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस असं म्हणाला तर त्याला अडवणार कोण? मुलाकडे, म्हणजे परीक्षितकडे, सहा महिन्यांसाठी अमेरिकेत नोव्हायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी जेवताना जाहीर करून टाकलं, की माझ्या हातात खडू द्या, समोर जपानी बसवा नाहीतर इटालियन, दहा आठवड्यांत 'डू' आणि 'डज'मधला फरक झोपेत सांगतील. परीक्षितने हे बोलणं मनावर घेतलं, इथेच घोटाळा झाला.

डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्या चिक्कार. त्यातल्या एका इटालियन कंपनीने तिकडून इंजिनिअर आणले होते आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्या बायका, आया, सासरेही आले होते. एका चर्चच्या तळघरात एक स्वयंसेवी संस्था त्यांना फुकट इंग्रजी शिकवायची. नवशिक्यांच्या वर्गाच्या बाई फ्लॉरिडाला राहायला गेल्या आणि परीक्षितने ती जागा सरांना मिळवून दिली. दर मंगळवारी सकाळी दहा ते बारा.

सरांसाठी हे किती मोठं होतं ते सांगायलाच हवं. नोव्हायमध्ये त्यांना गाडी चालवता येत नव्हती, ओळख कुणाची नव्हती, आणि दिवसभरातलं मुख्य काम म्हणजे पत्रपेटीपर्यंत चालत जाऊन जाहिराती घेऊन येणं. शोभनाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, महिनाभरात तीन दुकानं आणि मागच्या गल्लीतल्या नागपूरच्या सुलेखाताई शोधून काढल्या होत्या. सरांना काहीच सापडलं नव्हतं. मंगळवारी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून, पट्टा बांधून बाहेर पडायचे, आणि दोन तास सात माणसं त्यांना 'प्रोफेसोरे' म्हणायची. हा वर्ग गेला असता तर उरलेले चार महिने परत पत्रपेटी.

सुरुवात तर झकास झाली. इटालियन माणूस आपल्यासारखाच कर्ता गिळतो हे सरांना पहिल्याच तासाला कळलं. आपण 'येतो' म्हणतो, कोण येतो ते क्रियापदातच समजतं, त्यांचंही तसंच. त्यांच्याकडेही टेबल, खुर्ची, चमचा, सगळ्यांना स्त्रीलिंग-पुल्लिंग असतं. इंग्रजीत यातलं काही नाही आणि 'ही, शी, इट' मात्र प्रत्येक वाक्यात पुढे लावावं लागतं, हे ऐकून वर्ग हळहळला. सरांनी त्यांना धीर दिला. इंग्रजी भाषेचा तुमच्यावर विश्वास नाही, कोण आलं ते तिला लेखी लागतं, असं त्यांनी हातवारे करून समजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी हजेरीपट तयार केला. पाचव्या आठवड्यात घटक चाचणी घेतली. सहाव्या आठवड्यात निकाल वाचला, तोही शिरस्त्याप्रमाणे खालून वर. बासष्ट वर्षांच्या ग्राझिएल्लाबाईंना शंभरपैकी एकोणीस पडले. इटलीत तोरीनोमध्ये त्यांचं स्वतःचं हॉटेल होतं, चाळीस वर्षं त्यांनी आचाऱ्यांना धाकात ठेवलं होतं. त्यांना सरांनी उभं केलं आणि विचारलं, की घरी अभ्यासाला कोणी बसवत नाही का? वित्तोरियो आणि लुचिया यांनाही उभं केलं, आणखी दोघांना केलं. पास दोघंच झाले: सत्तरीच्या ओर्नेल्लाबाई आणि रेनातो नावाचे एक अबोल न्हावी.

पुढच्या मंगळवारी वर्गात ओर्नेल्लाबाई आणि रेनातो दोघंच होते. ग्राझिएल्लाबाई तर त्या आठवड्यात विमान पकडून तोरीनोला परतल्या होत्या.

त्याच दिवशी संस्थेच्या समन्वयक शेरिल यांचा फोन आला. बाई कामावर नवीन होत्या आणि बोलायला फार गोड. पाचपेक्षा कमी लोक असतील तर वर्ग चालवता येत नाही, नियम आहे, तेव्हा येत्या मंगळवारी मी स्वतः येऊन बघते, असं त्यांनी सांगितलं. सरांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

दुसरा कोणी असता तर त्या पाच जणांच्या घरी जाऊन माफी मागून आला असता. सरांना तो मार्ग सुचला नाही, कारण त्यांना त्याहून जवळचा मार्ग पाठ होता. पट मोजायला साहेब येणार आणि पट भरत नाही, म्हटल्यावर काय करायचं हे चौतीस वर्षं नोकरी केलेल्या मास्तराला कोणी शिकवावं लागत नाही. शेजारच्या शाळेतून मुलं आणायची, त्यांना गैरहजर मुलांची नावं द्यायची आणि साहेबांना आधी चहा पाजायचा. एकदा तर सरांच्या शाळेत नववीच्या बाकावर शिपायाचा लग्न झालेला पुतण्या बसला होता. मिशी काढून, पण बसला होता.

त्यांना तीन माणसं हवी होती. घरात शोभनाताई होत्या. मागच्या गल्लीत सुलेखाताई आणि त्यांचे यजमान प्रतापराव होते.

"मी इटालियन?" शोभनाताई म्हणाल्या. "या साडीत?"

"साडी नको, सलवार-कमीज घाल. वर कोट असतो, काही दिसत नाही. आणि बोलायचं नाहीच. नवशिके आहात, तुम्हाला येतंय कुठे इंग्रजी? काही विचारलं तर 'सी, सी', म्हणजे हो, हो, म्हणायचं आणि हसायचं."

परीक्षितला हे कळल्यावर त्याने लॅपटॉप मिटला. "बाबा, प्लीज. हे लोक ट्रस्टवर चालतात यार. आणि त्यांना दिसणार नाही का, की हे तिघं इंडियन आहेत?"

सर म्हणाले, की दिसलं तरी बोलणार नाहीत. आणि हे त्यांचं निरीक्षण अगदी अचूक होतं. अमेरिकेत माणसाला चेहऱ्यावरून कुठला ते ओळखण्याची चोरी आहे. तसं ओळखू नये याचं कामाच्या ठिकाणी रीतसर प्रशिक्षण देतात. शेरिलबाईंचं ते प्रशिक्षण नुकतंच झालं होतं.

मंगळवारी पहाटेपासून बर्फ पडत होता. परीक्षितने चौघांना गाडीतून चर्चपाशी सोडलं आणि तो लगेच निघून गेला. दहाला पाच मिनिटं असताना वर्गात पाच जण बसलेले होते. ओर्नेल्लाबाईंनी नव्या मंडळींकडे एकेक करून बघितलं, त्यांच्याशी इटालियनमध्ये काहीतरी बोलल्या, आणि तिघांकडून 'सी, सी' एवढंच आल्यावर हाताची घडी घालून बसल्या.

शेरिलबाई आल्या, मागच्या बाकावर बसल्या. सरांनी हजेरी घेतली. ग्राझिएल्ला? शोभनाताईंनी हात वर केला. वित्तोरियो? प्रतापराव. लुचिया? सुलेखाताई. शेरिलबाईंनी कागदावर पाच खुणा केल्या, आणि सरांना वाटलं, जिंकलं. त्या क्षणी त्यांनी वर्ग सोडला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण साहेब समोर असताना नमुना पाठ घेतला नाही तर तो मास्तर कसला? फळ्यावर त्यांनी नकारार्थी वाक्यं काढली. ही इज टॉल, ही इज नॉट टॉल. इट इज कोल्ड, इट इज नॉट कोल्ड. मग वर्गातल्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीला उभं केलं आणि मनाने एक वाक्य करायला सांगितलं.

ओर्नेल्लाबाई उठल्या. त्यांनी शोभनाताईंकडे बोट केलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "शी इज नॉट ग्राझिएल्ला."

सरांनी चटकन शेरिलबाईंकडे पाहिलं. वाक्य मात्र निर्दोष होतं. सहा आठवडे झगडूनही ज्या बाई कर्ता गिळायच्या, त्यांनी कर्ता, क्रियापद, 'नॉट', सगळं जागच्या जागी ठेवलं होतं, आणि सरांना एकाच वेळी पळून जावंसं आणि त्यांना दहापैकी दहा द्यावेसे वाटत होते. मागून टाळ्या ऐकू आल्या. शेरिलबाई वाजवत होत्या. किती छान, म्हणाल्या, वर्गातल्याच माणसांवर उदाहरणं! ओर्नेल्लाबाईंनी तेच वाक्य पुन्हा, जास्त जोरात म्हटलं. शेरिलबाईंनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ओर्नेल्लाबाई खांदे उडवून खाली बसल्या.

आता शेरिलबाईंना हुरूप आला. त्या पुढे आल्या आणि प्रतापरावांना, लहान मुलाला विचारावं तसं, एकेक शब्द सुटा करत विचारलं, की काल तुम्ही काय केलंत?

प्रतापरावांनी 'सी' म्हणायचं होतं. पण ते एकतीस वर्षं बँकेत होते, आणि क्षेत्रीय कार्यालयातून जाणारं एकही पत्र त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय जात नसे. कोणी बाई आपल्याशी इंग्रजीत असं चमच्याने भरवल्यासारखं बोलावं, हे त्यांना सोसलं नाही. ते उभे राहिले, त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि काल आपल्या सहधर्मचारिणीसह बाजारात जाण्याचा सुयोग लाभल्याचं, तिथली भाजी समाधानकारक असल्याचं आणि या चौकशीबद्दल आपण बाईंचे ऋणी असल्याचं एका दमात, एकाच इंग्रजी वाक्यात निवेदन केलं. वाक्यात 'देअरविथ' हा शब्द दोनदा आला.

"खोटं बोलून राहिले," सुलेखाताई पुटपुटल्या आणि मग, नवऱ्याची चूक चारचौघांत राहू देणं त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे, मोठ्याने इंग्रजीत दुरुस्ती केली: बाजार परवा झाला, काल हे दिवसभर झोपले होते.

शेरिलबाईंनी सरांकडे पाहिलं. सात आठवडे, त्या म्हणाल्या. फक्त सात आठवडे? सरांनी मान हलवली. दुसरं करणार काय?

राहिल्या शोभनाताई. शेरिलबाई त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांनी सगळ्यात सोपा प्रश्न विचारला. तुमच्या शिक्षकांचं नाव काय?

शोभनाताईंना प्रश्न कळला. उत्तरही येत होतं. पण लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि अडतीस वर्षांत त्यांनी हे नाव चारचौघांत नुसतं असं कधी उच्चारलं नव्हतं. त्या खाली बघून ओढणी सारखी करत राहिल्या. शेरिलबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. सुलेखाताईंना ते सहन झालं नाही. "घ्या ना जी नाव," त्या कुजबुजल्या, "एवढं काय त्यात?"

नाव घ्या म्हटल्यावर शोभनाताई उभ्या राहिल्या. ते कसं घ्यायचं ते त्यांना चांगलं माहीत होतं.

"बाहेर पडला बर्फ, अंगात घातला स्वेटर, मोरेश्वरराव आहेत बरे, गप्प असले तर बेटर."

प्रतापरावांनी "वा!" म्हटलं. ओर्नेल्लाबाईंना काय कळलं देव जाणे, पण त्या खुदकन हसल्या आणि हसतच राहिल्या. शेरिलबाईंनी हलक्या हाताने शोभनाताईंना खाली बसवलं आणि आपल्या कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं.

मग त्या सरांना बाजूला घेऊन गेल्या. त्यांचे डोळे ओलावले होते. एवढी प्रगती मी कुठल्याच वर्गात पाहिलेली नाही, त्या म्हणाल्या. यातले चार जण आता नवशिके उरलेलेच नाहीत. त्यांना मी आजच वरच्या वर्गात घालते, तिथे दुसरे शिक्षक आहेत. नवशिकाच उरला नाही म्हटल्यावर हा वर्ग अर्थातच बंद होईल. अभिनंदन!

सर म्हणाले, की एक जण उरतात.

हो, ग्राझिएल्ला, शेरिलबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सरांच्या दंडावर हात ठेवला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. इटालियनमध्ये त्या किती सुंदर बोलतात, पण सात आठवड्यांत त्यांना 'स्वेटर' आणि 'बेटर' हे दोनच शब्द आलेत. काही माणसांना काही शिक्षक मानवत नाहीत. त्यांच्यासाठी मी वेगळी शिकवणारी बघते.

सात आठवडे नाही हो, अडतीस वर्षं, असं सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते गप्प राहिले.

खऱ्या वित्तोरियोंना आणि खऱ्या लुचियांना बढतीचं पत्र घरपोच मिळालं. चाचणीतल्या अठ्ठावीस गुणांवर इतकं मोठं यश त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सरांना वाटलं, शोभनाताई तरी आता हा विषय मिटवतील. घरी आल्यावर त्यांनी तसं सुचवूनही पाहिलं.

"मी जाणार," शोभनाताई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत मला शिकवायचं तुम्हाला सुचलं नाही. कुणीतरी शिकवतंय, तर शिकते."

तेव्हापासून दर मंगळवारी शोभनाताई ग्राझिएल्ला होऊन चर्चच्या तळघरात जातात. त्यांना मेगन नावाची तेवीस वर्षांची मुलगी शिकवते. दोघींच्या हसण्याचे आवाज बाहेर येतात. सर बाहेरच्या बाकावर शोभनाताईंचा कोट मांडीवर घेऊन बसतात, कारण घरी बसून तरी काय करायचं?

गेल्या मंगळवारी दार उघडून मेगन बाहेर आली. तिने सरांना पाहिलं, त्यांच्यासमोर किंचित वाकली आणि प्रत्येक शब्द ताणत विचारलं, "हाऊ... आर... यू... टुडे?"

"आय अॅम फाइन, थँक यू," सर म्हणाले.

"व्हेरी गुड!" मेगन म्हणाली, आणि तिला खरोखर आनंद झालेला दिसला. मग तिने हळूहळू, बोटं मोजून सांगितलं, की पुढच्या महिन्यात ती नवशिक्यांचा नवा वर्ग सुरू करतेय. तिचा पहिलाच वर्ग. पाच जण लागतात, चारच नावं आली आहेत, आणि शुक्रवारपर्यंत पाचवं मिळालं नाही तर वर्ग रद्द होईल. हे सांगताना तिचा चेहरा उतरला होता.

सरांनी तिच्या हातातला कागद घेतला. चार नावं, पाचवी ओळ रिकामी. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पाचव्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. पुढे इंग्रजी किती येतं याचे तीन चौकोन होते. पहिल्या, 'अजिबात नाही'च्या चौकोनात त्यांनी खूण केली.

येताना वही आणायला विसरू नका, असं मेगनने त्यांना हाताने वहीचा आकार करून दोनदा समजावलं. सरांनी मान हलवली.