मातीच्या सिंहाची उडी

एका जंगलात, पोरांनो, एक सिंह होता. पूर्वी तो एका उडीत ओढा पार करायचा. आता त्याला जांभळीखालून उठायचासुद्धा कंटाळा यायचा. हसताय काय? सकाळी तुम्हाला उठवताना तुमच्या आईचा घसा बसतो, ठाऊक आहे मला.

जंगलात कुजबुज सुरू झाली. राजाला आता उडी जमत नाही म्हणे! ते सिंहाच्या कानावर गेलं. त्याने सायाळबाईंना बोलावणं धाडलं. या बाई मातीच्या बोटभर बाहुल्या करायच्या, त्यांचे फोटो काढायच्या आणि ते फोटो भराभर एकामागून एक दाखवून बाहुल्यांना चालायला लावायच्या.

"आमचा सिनेमा काढा," सिंह पडल्या पडल्या म्हणाला. "ओढ्यावरची उडी. गवत खरं, ओढा खरा, ऊन खरं. फक्त आम्ही तेवढे मातीचे."

"आणि नाही जमलं तर, महाराज?"

"तर तुमचं बीळ आमच्या मेहुण्याला."

बाईंचा सगळा जीव त्या बिळात. चार पिल्लं तिथेच वाढत होती. बाई मुकाट्याने कामाला लागल्या.

त्यांनी बोटभर सिंह केला आणि ओढ्याकाठी उभा केला. आपल्या अंगावरच्या काट्याने त्याचा पंजा तिळभर उचलायचा, फोटो काढायचा. पुन्हा तिळभर, पुन्हा फोटो. एकदा मुंग्यांनी शेपूट पळवली. वाऱ्याने राजा चार वेळा तोंडावर आपटला. सावली सरकली की सगळं बिघडायचं, म्हणून बाई रोज सकाळी ठरल्या वेळेलाच काम करायच्या. एका उडीला एकवीस दिवस लागले! बाईंची कंबर धरली.

पण त्यांची सगळी नजर त्या बोटभर राजावर. मागे लांब जांभळीखाली एक पिवळट ढिगारा दिसत होता, तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एकेका फोटोत तो ढिगाराच वाटायचा.

सिनेमा दाखवायचा दिवस आला. मोठ्या गुहेत अख्खं जंगल जमलं. सिंहही आला, दोन अस्वलांच्या खांद्यावरून.

मातीचा सिंह धावला. त्याने उडी घेतली. अहाहा, काय उडी! टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मागचा ढिगारा श्वास घेऊ लागला. त्याने कूस बदलली. पोट खाजवलं. जांभई दिली. परत कूस बदलली. एकवीस सकाळींची झोप, पोरांनो, अर्ध्या मिनिटात!

बाईंनी कपाळावर हात मारला. गेलं बीळ!

"मागे ते काय आहे?" सिंहाने दरडावून विचारलं.

"डों... डोंगर, महाराज."

"डोंगर कूस कसा बदलेल?" सशाचं एक कार्टं ओरडलं. त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं.

सिंह आयाळ झटकून म्हणाला, "आमच्या राज्यात डोंगरसुद्धा कूस बदलतात. याला म्हणतात प्रगती! आजपासून जांभळीखाली डोंगर आहे. नाही म्हणेल त्याची गाठ माझ्याशी आहे."

"डोंगरच, डोंगरच!" सगळे ओरडले. बाईंचं बीळ वाचलं.

दुसऱ्या दिवशी सिंह जांभळीखाली पडून गरजला, "माझं जेवण कुठंय रे?"

त्या दिवशी जेवण व्हायची पाळी एका चितळाची होती. ते लांबूनच हात जोडून म्हणालं, "डोंगर बोलत नसतात. महाराजांचा हुकूम आहे."

"अरे गाढवा, मीच महाराज!"

"मग उठा ना. उडी मारून दाखवा. महाराज केवढी उडी मारतात, कालच पाहिलंय आम्ही."

सिंहाने एक पंजा उचलला. तिळभर. मग त्याला डुलकी लागली.

चितळ घरी गेलं आणि पोटभर चरलं.

तात्पर्य: खुशाल लोळावं, पोरांनो. फक्त लोळण्याआधी कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे, तेवढं बघून घ्यावं.