आत्याच्या नजरेखाली तीन सामने

शुक्रवारी संध्याकाळी शिट्टीरावांनी बैठकीच्या खोलीत मधोमध उभं राहून जाहीर केलं, की येते दोन दिवस या घरात त्यांना कुणी नवरा समजू नये, शेजारी समजू नये, आणि मोरीतला नळ गळायला लागलाच तर माणूससुद्धा समजू नये. शनिवार-रविवारात तीन अंतिम सामने होते. एक फुटबॉलचा, एक त्या हेल्मेटवाल्या अमेरिकन फुटबॉलचा आणि एक बास्केटबॉलचा.

"मी तिन्ही नुसते बघणार नाही," ते म्हणाले, "पिऊन टाकणार."

"प्या," बायको म्हणाली. "कप तेवढा विसळून ठेवा."

शिट्टीराव म्हणजे चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यातले जुने कारागीर. खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण ते कुणी वाचलेलं नाही. टीव्हीवरच्या पंचाच्या आधी हे घरात शिट्टी मारत, म्हणून शिट्टीराव. स्वतः त्यांनी आयुष्यात लाथ मारली ती एकदाच, बंद पडलेल्या घासणयंत्राला, आणि त्यात सुजला तो यांचाच अंगठा. पण ज्ञान असं, की कुठल्या खेळाडूच्या बुटाचं माप काय हे ते झोपेत सांगत. बायकोचं दुर्दैव असं, की ते खरोखरच झोपेत सांगत.

आता या तीन सामन्यांवर त्यांचं काय अडलं होतं ते सांगतो. दरवर्षी काचवाल्यांचा आणि रस्त्यापलीकडच्या फ्रेमवाल्यांचा फुटबॉलचा सामना व्हायचा. अख्खी वस्ती लोटायची. कर्ण्यावरून समालोचन करायचे ते गोदामाचे कारकून, सलग अकरा वर्षं. आणि अकराही वर्षं शिट्टीराव त्यांच्या कोपरापाशी बसून त्या माइककडे असे बघायचे, जसं मांजर दुसऱ्याच्या घरातल्या दुधाकडे बघतं. यंदा कारकून निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले आणि माइक मोकळा झाला. मागणारे दोन. एक शिट्टीराव आणि एक मुकादम. मुकादम एक वाक्य बोलला की दुसरं शोधायला जायचा तो लवकर परतायचा नाही, पण तो मुकादम होता.

कारखान्याच्या मालकीणबाईंनी निवाडा केला. त्या कमी बोलत. शिट्टीरावांना म्हणाल्या, सोमवारी चहाच्या सुट्टीत या तिन्ही सामन्यांचं वर्णन करा. ऐकता ऐकता लोकांच्या कपातला चहा गार झाला, तर माइक तुमचा. लोक चहा पिऊन उठले, तर मुकादमाचा.

म्हणून शिट्टीरावांनी तीन वह्या आखल्या. चार रंगांची पेनं आणली. कोणी किती वेळा चेंडू अडवला, कितीदा बाहेर घालवला, किती जण लंगडले, प्रत्येकाला वेगळा रकाना. रकाने इतके बारीक, की काच घासणाऱ्यालाही भिंग लागावं.

शनिवारी दुपारी सामना सुरू व्हायला पाव तास असताना दारावरची घंटा वाजली. बाहेर आत्या. हातात पिशवी. तिच्या घराला रंग लावायला घेतला होता, वासाने डोकं उठलं, म्हणून दोन दिवसांसाठी भाच्याकडे आली.

ही आत्या साधी नव्हे. चौतीस वर्षं शाळेत. त्यात शिकवलं किती ते देव जाणे, पण परीक्षा आली की वर्गावर तिलाच उभं करायचे. म्हणे तिने नुसतं दारातून पाहिलं, तर मोज्यातली चिठ्ठी आपण होऊन बाहेर यायची आणि टेबलावर जाऊन बसायची. मी पाहिलेलं नाही. पण ज्याच्या मोज्यातली होती तो आज मोठा अधिकारी आहे आणि अजून बिनमोज्याचा हिंडतो.

आत्याला आतल्या खोलीत बसवावं म्हणून शिट्टीराव घाईघाईने बोलून गेले, "आत्या, सोमवारी माझी परीक्षा आहे गं. जरा शांतता हवी."

झालं. म्यानातल्या तलवारीला कुणी हाक मारावी तशी आत्या ताठ झाली. परीक्षा म्हटल्यावर ती आत कशाला जाते? तिने सरळ पाठीची खुर्ची उचलली आणि टीव्हीच्या समोर न ठेवता बाजूला, कोपऱ्यात ठेवली, जिथून टीव्हीही दिसेल आणि भाचाही. भाच्याच्या पाठीमागची उशी काढून घेतली. खाण्याची बशी हलवली. "सरळ बस. वही डाव्या हाताला. चालू दे."

सामना चालू झाला. आत्याने जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता. चेंडू जाळ्यात घालायचा, एवढं तिला पाचव्या मिनिटाला कळलं. शिट्टीराव मान खाली घालून रकाने भरत होते. विसाव्या मिनिटाला आत्याने विचारलं, तो निळ्या शर्टातला नऊ नंबर कोण म्हणून.

"का गं?"

"सगळे चेंडूकडे बघताहेत, आणि हा अगदी भोळा चेहरा करून भलतीकडे बघतोय. असा चेहरा उत्तर सापडलेल्याचा असतो."

शिट्टीरावांना हसू आलं. त्यांनी वहीतून मान न काढता समजावलं, की नऊ नंबरचे दिवस वाईट आहेत, सात सामन्यांत गोल नाही, डावा घोटा मुरगळलेला आहे. 'घोटा' या शब्दावर टीव्हीतून गर्जना झाली. नऊ नंबरने गोल मारला होता, आणि तोही डाव्या पायाने. गोल परत दाखवला तेव्हा शिट्टीराव गोलाची वेळ लिहीत होते.

योगायोग, ते मनात म्हणाले. पण उत्तरार्धात आत्याने पांढऱ्या शर्टातल्या उंच चार नंबरकडे बोट केलं. तो गोलासमोर दोन्ही हात पाठीशी धरून उभा होता. हाताला चेंडू लागू नये म्हणून सगळेच तसे उभे राहतात, असं शिट्टीराव सांगायला लागले, तर आत्या म्हणाली, "तसं नव्हे. हा हात लपवत नाहीये, मोकळा कधी करायचा ते बघतोय." चार मिनिटांनी गर्दीत चेंडू उडाला आणि चार नंबरने तो हाताने ढकलला. पंचाला दिसलं नाही. पंच मैदानाकडेच्या पडद्याशी गेला, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, सावकाश पाहिलं, मग शिट्टी वाजवली. त्या वेळात आत्याने चहा मागवून, पिऊन, कप खाली ठेवला होता.

तीस वर्षं शिट्टीरावांनी फुटबॉल पाहिला होता, आणि आज पहिल्यांदा त्यांना शंका आली, की आपण फक्त चेंडू पाहिला. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी बायकोला हळू आवाजात सगळं सांगितलं. बायकोने शेजारणीला सांगितलं, तेही हळू आवाजात. हळू आवाजात सांगितलेलं किती लांब जातं ते तुम्हाला माहीत आहेच. रविवारी सकाळी दहाला त्या खोलीत एकोणीस माणसं होती आणि शेजारचा कुत्रा.

अमेरिकन फुटबॉल सुरू होताच आत्याचा पारा चढला. अकरा दांडगे डोकी एकत्र करून कुजबुजत होते आणि कुणी त्यांना हटकत नव्हतं.

"परीक्षा चालू असताना हा काय घोळका?"

शिट्टीरावांनी सांगितलं, की असं चालतं, पुढचा डाव ठरवतात. तेवढ्यात कॅमेरा त्यांच्या म्होरक्याच्या मनगटावर गेला. मनगटाला पट्टा, पट्ट्यावर बारीक अक्षरांत डावांची यादी, आणि तो ती राजरोस वाचतोय. आत्या खुर्चीतून उठली. चौतीस वर्षांत तिने मनगटं, तळवे, पट्ट्या, चपलांचे तळ, एकाच्या तर पापण्या तपासल्या होत्या, पण अख्ख्या जगासमोर इतकी निर्ढावलेली कॉपी तिने पाहिली नव्हती. तोही नियमच आहे, असं सांगून तिला कसंबसं बसवलं. बसली, पण आता ती खरी पेटली. जिथे कॉपीला परवानगी, तिथे चोर आणखी हुशार असणार, एवढा तिचा हिशेब.

आणि मग जे घडलं ते त्या खोलीतली एकोणीस माणसं अजून एकमेकांना सांगतात. म्होरक्याने चेंडू एकाच्या पोटाशी दिला. तो पळाला. सात दांडगे त्याच्यावर पडले. टीव्हीचा कॅमेरा त्याच्यामागे धावला, समालोचक त्याचं नाव घेऊन ओरडला, शिट्टीरावांनी रकान्यात त्याचा नंबर लिहिला. एकटी आत्या पडद्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे काहीच चाललं नव्हतं, तिथे बोट रोखून बसली होती. "चेंडू याच्याकडे नाहीच. तो बघा, काही झालंच नाही असा रमतगमत चाललाय तो." कॅमेऱ्याला गोंधळून मान वळवायला दोन क्षण लागले. वळली तेव्हा म्होरक्या चेंडू मांडीमागे धरून टोकाच्या रेषेपलीकडे पोचलाही होता.

ज्या चोरीला मैदानातले अकरा, पंच, आणि कॅमेऱ्यामागचा माणूस फसले, ती या बाईने खुर्चीत बसून पकडली होती. शिट्टीरावांच्या हातातलं हिरवं पेन गळून पडलं. ते त्यांनी उचललं नाही.

संध्याकाळचा बास्केटबॉल म्हणजे वेगाचा कारभार. बोलायला सवडच नाही, म्हणून आत्या गप्प. नुसते डोळे फिरत होते आणि भुवया हलत होत्या. पहिल्या दोन मिनिटांत लोकांच्या ध्यानात आलं, की आत्याची डावी भुवई चढली की तीन मोजेपर्यंत चेंडू टोपलीत पडतो. डोळे बारीक झाले, की कुणीतरी कुणाच्या हातातून चेंडू पळवतो. एक खेळाडू इकडे बघून तिकडे चेंडू देण्यात पटाईत होता. त्याने तसं केलं, की प्रत्येक वेळी आत्याच्या ओठाचा कोपरा अर्धा इंच वर जायचा. बाकाखालून चिठ्ठी सरकवणारे तिने शेकड्यांनी पकडलेले. हा त्यांच्यातलाच, फक्त उंच.

मग आधी एकाने खुर्ची फिरवली. मग दुसऱ्याने. दहाव्या मिनिटाला सगळी खोली टीव्हीकडे पाठ करून आत्याकडे तोंड करून बसली होती. तिचे डोळे उजवीकडे गेले की सगळ्या माना उजवीकडे, डावीकडे गेले की डावीकडे. कुत्र्याचीही मान चालू होती. भुवई चढली की सगळे श्वास धरायचे, मागून गर्जना झाली की सोडायचे. टीव्हीत काय चाललंय याची कुणाला पर्वा नव्हती. तो बिचारा आत्याने ठरवलेलं मागून पार पाडत होता. आणि सगळ्यांत पुढे, जमिनीवर मांडी घालून, तोंड उघडं टाकून, शिट्टीराव. तिसरी वही कोरी.

ती कोरी आहे हे त्यांना कळलं सोमवारी, चहाच्या सुट्टीत, पन्नास माणसांसमोर.

पहिली वही उघडून ते सुरू झाले. चेंडू बाहेर गेल्याची संख्या सांगितली. फुर्रकन चहा ओढल्याचे आवाज आले. दुसरी वही उघडली. कप खाली ठेवल्याचे आवाज आले. मुकादमाने हात झटकले आणि तो उठायच्या बेतात आला. शिट्टीरावांनी तिसरी वही उघडली, पांढरंशुभ्र पान पाहिलं, अकरा वर्षं डोळ्यांपुढून सरकली, आणि त्यांनी वही मिटली.

"एक बाई आहे," ते म्हणाले.

मग ते बोलत सुटले. भोळ्या चेहऱ्याचा नऊ नंबर, पाठीमागचे हात, मनगटावरची कॉपी, कॅमेऱ्याला चकवून गेलेला रमतगमत चोर, आणि ती भुवई. भुवईवर ते पाच मिनिटं बोलले. दुसऱ्यांदा ज्यांनी कप भरून घेतले होते त्यांचे कप तसेच हातात राहिले. चहावर साय धरली. मुकादम अर्धवट उठलेला तसाच थिजला, ना उभा ना बसलेला. मालकीणबाईंनी आपल्या कपात बोट बुडवून पाहिलं, आणि माइक शिट्टीरावांपुढे ठेवला. फक्त एक विचारलं, बास्केटबॉल कोण जिंकलं म्हणून. शिट्टीरावांना माहीत नव्हतं. ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

सरावासाठी माइक घरी न्यायची परवानगी मिळाली. तो छातीशी धरून शिट्टीराव असे आले, की रस्त्यातली माणसं बाजूला सरली. घरी आत्या पिशवी भरत होती. रंग वाळला होता.

"झाली परीक्षा?"

"पास झालो, आत्या. पहिला आलो."

आत्याला खरंच आनंद झाला. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग सहज, चौतीस वर्षांच्या सवयीने, विचारलं:

"आणि सगळं तुझ्या मनाने लिहिलंस ना रे?"

शिट्टीराव हो म्हणाले. पण हो म्हणताना त्यांची नजर खाली स्वतःच्या मोज्यांकडे गेली, आणि चेहरा झाला अगदी भोळा.

आत्याची डावी भुवई चढली. ती रागावली नाही. तिने फक्त उजवा हात पुढे केला, तळवा वर करून, वर्गात करायची तसा. आणि सत्तेचाळीस वर्षांच्या त्या कारागिराने मुकाट्याने माइक त्या तळव्यावर ठेवला. ती पुढच्या बसने गेली, माइकसकट.

मालकीणबाईंना हे सांगायची कुणाची हिंमत झाली नाही, आणि आत्याकडे जाऊन माइक मागायची तर मुकादमाचीही नाही. त्या वर्षीचा सामना समालोचनाशिवाय झाला. बघणारे सांगतात, इतका रंगलेला सामना अकरा वर्षांत झाला नव्हता.